शितं किती आणि पातेली किती?

शितावरून भाताची परीक्षा होते असं आपल्याकडे म्हणतात. म्हण खरी आहे, पण तिच्यात एक अट लपलेली आहे. भात एकाच पातेल्यातला असला पाहिजे! लग्नघरी वीस पातेली चुलीवर आहेत आणि आचाऱ्याने एकाच पातेल्यातली शंभर शितं दाबून बघितली, तर त्याने शंभर परीक्षा केल्या का? नाही. त्याने एकाच पातेल्याची परीक्षा शंभर वेळा केली. उरलेल्या एकोणीस पातेल्यांबद्दल त्याला काहीही कळलेलं नाही. ही गोष्ट कोणत्याही आचाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याला मात्र एम-थ्री पास होऊनसुद्धा सांगावी लागते!

विषय तसा रुक्ष आहे, पण पान उलटू नका. कारण हा प्रश्न तुमच्या-आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये येऊन बसलेला आहे आणि बहुतेकांचं तिकडे लक्षच नाही.

आजकाल डेटाशिवाय प्रोजेक्ट होत नाही. ब्रँच कुठलीही असो, प्रश्न बऱ्याचदा 'हो की नाही' असाच असतो. सोल्डर जॉइंट पक्का की कच्चा? बेअरिंग टिकलं की गेलं? एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसतो की नाही? पोरगं पास की के.टी.? आणि हा डेटा सुटा सुटा येत नाही, तो गटागटाने येतो. एका बोर्डावरचे चाळीस जॉइंट, एका मशीनवरची दहा बेअरिंग, एका पेशंटचे पाच एक्स-रे, एका कॉलेजची साठ पोरं. मग रिपोर्टमध्ये काय असतं? 'लॉजिस्टिक रिग्रेशन वापरले. पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली. निष्कर्ष सिद्ध झाला.' हेच मॉडेल का घेतलं असं कोणी विचारलंच तर खरं उत्तर एकच असतं, सॉफ्टवेअरमध्ये होतं म्हणून!

माझं म्हणणं साधं आहे. हो-नाहीचा डेटा गटागटाने आला असेल तर मॉडेलचं नाव उच्चारण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहायची. पहिला, माझ्याकडे खरे गट किती आहेत आणि ज्या गोष्टीचा परिणाम मी शोधतोय ती गटाच्या आत बदलते की गटागणिक बदलते? दुसरा, मला उत्तर कोणासाठी हवंय, एका गटातल्या माणसासाठी की सगळ्या जनतेसाठी? ही दोन उत्तरं नक्की झाली की मॉडेल निवडायला फारसं काही उरत नाही. आणि ती नसतील तर कितीही भारी मॉडेल लावा, ते शोभेचंच.

हजारातले पाचशे कुठे गेले?

एका गटातल्या नोंदी एकमेकींसारख्या असतात. एका गावातल्या बाळांना एकच पाणी, एकच रस्ता, एकच दवाखाना. एका बोर्डावरच्या जॉइंटना एकच तापमान, एकच हात. म्हणून गटातली दुसरी नोंद पहिलीइतकी नवी माहिती देत नाही. किती कमी देते? त्याचं एक सोपं सूत्र आहे, आणि लेस्ली किश यांच्या १९६५ च्या 'सर्व्हे सॅम्पलिंग' या पुस्तकापासून ते 'डिझाइन इफेक्ट' या नावाने रूढ आहे. गटात सरासरी 'म' नोंदी असतील आणि गटातल्या गटात सारखेपणा 'र' असेल, तर १ + (म - १) × र.

समजा २० गावं आहेत, प्रत्येक गावात ५० बाळं, एकूण १०००. सारखेपणा फक्त ०.०२. वाटतं, दोन शतांश म्हणजे काहीच नाही. पण १ + ४९ × ०.०२ म्हणजे १.९८. गावागणिक बदलणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल बोलायचं असेल तर तुमच्या १००० नोंदींची किंमत ५०५ सुट्या नोंदींइतकी. अर्धा डेटा गेला! सारखेपणा ०.१ असेल तर सूत्रात ५.९ येतात आणि १००० चे उरतात १७० च्या आसपास.

देशातल्या मोठ्या सर्वेक्षणांना हे पक्कं माहीत असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था बघते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांवर घरं होती, पण एका निवडलेल्या गावात किंवा वॉर्डात घरं घ्यायची ती फक्त २२. त्याच गावात शंभर घरं करणं स्वस्त पडलं असतं की! पण एकाच पातेल्यातली शितं वाढवून काय उपयोग? पातेली वाढवायला हवीत.

१३८ रिंगा की २३ उड्डाणं?

आता खास आपल्या म्हणजे इंजिनिअर लोकांच्या घरातलं उदाहरण. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं आणि आतले सातही अंतराळवीर गेले. बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी ओ-रिंगा थंडीत ताठरल्या आणि गरम वायू बाहेर फुटला, हे चौकशीत निघालं. फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून दाखवला ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मात्र त्यातलं स्टॅटिस्टिक्स फारसं कोणी सांगत नाही.

त्याआधीच्या उड्डाणांपैकी २३ उड्डाणांचे बूस्टर समुद्रातून काढून तपासता आले होते. प्रत्येक उड्डाणाला दोन बूस्टर, एका बूस्टरला असे तीन सांधे, म्हणजे मुख्य ओ-रिंगा सहा. एकूण १३८ रिंगा. प्रत्येकीला एकच प्रश्न, इजा झाली की नाही? २३ पैकी ७ उड्डाणांत निदान एका रिंगेला इजा झालेली होती.

तापमानाचा परिणाम शोधायचा तर आपल्याकडे डेटा किती? १३८ म्हणायचा मोह होतो. पण एका उड्डाणातल्या सहाही रिंगांनी त्या दिवशी एकच थंडी खाल्ली. तापमान रिंगेगणिक बदलत नाही, उड्डाणागणिक बदलतं. म्हणजे तापमानापुरती पातेली २३ च. वर एकच जुळणी, एकच तपासणी, एकच दिवस या सगळ्यामुळे त्या सहा जणी एकमेकींसारख्या वागण्याची शक्यता मोठी.

मग मॉडेल कुठलं? इथे चार रस्ते दिसतात. एक, १३८ रिंगा सुट्या समजून साधं लॉजिस्टिक. दोन, उड्डाण हेच एकक धरायचं आणि विचारायचं, या उड्डाणात निदान एक रिंग बिघडली का? तीन, प्रत्येक उड्डाणाला स्वतःचा वेगळा स्थिरांक द्यायचा, म्हणजे फिक्स्ड इफेक्ट. चार, उड्डाणांचे फरक एका घंटेच्या आकाराच्या वितरणातून आले असं मानायचं, म्हणजे रँडम इफेक्ट किंवा मिक्स्ड मॉडेल.

तिसरा रस्ता ऐकायला फार काटेकोर वाटतो. इथे तो घेतला तर काय होईल बघा. तापमान उड्डाणाच्या आत बदलतच नाही, त्यामुळे उड्डाणाचा स्थिरांक ते पूर्ण गिळून टाकतो. तापमानाचं उत्तर येणारच नाही. शिवाय ज्या गटात सगळ्यांचं उत्तर 'नाही' आहे तो गट या पद्धतीत हिशोबातूनच बाद होतो. म्हणजे एकाही रिंगेला इजा न झालेली १६ उड्डाणं बाद!

ही १६ उड्डाणं बाद करणं ही काही पुस्तकी गोष्ट नाही. उड्डाणाच्या आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोलचे इंजिनिअर आणि नासाचे अधिकारी फोनवर चर्चा करत होते. थंडी आणि रिंगांची इजा यांची तुलना झाली ती फक्त इजा झालेल्या उड्डाणांवर. त्या सात उड्डाणांत गार दिवसही होते आणि उबदार दिवसही, त्यामुळे संबंध काही दिसेना. रॉजर्स आयोगाने नंतर नेमकं यावर बोट ठेवलं. इजा न झालेली १६ उड्डाणं शेजारी मांडली की चित्र लख्ख होतं. ती सगळीच्या सगळी ६६ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून उबदार दिवसांची. आणि ६५ च्या खालची जी चार उड्डाणं होती त्या चारांतही इजा. एकही अपवाद नाही.

सिद्धार्थ दलाल, एडवर्ड फाउल्क्स आणि ब्रूस होडली यांनी १९८९ मध्ये या डेटाचं नीट विश्लेषण छापलं. सहा रिंगांची मोजणी धरून आणि उड्डाणाला एकच हो-नाही धरून, असं दोन्ही प्रकारे त्यांनी ते केलं आणि दोन्ही उत्तरं जुळती आली. ३१ अंश फॅरेनहाइटला, म्हणजे जवळजवळ गोठणबिंदूला, सांधा घातक पातळीवर निकामी होण्याची शक्यता त्यांच्या हिशोबाने निदान १३ टक्के होती. ६० अंशांपर्यंत थांबलं असतं तर हा आकडा २ टक्क्यांवर आला असता.

माझ्या मते इथे दुसरा रस्ता सगळ्यात चांगला. तो साधा आहे, प्रश्नाच्या पातळीवरचा आहे, आणि खोटी श्रीमंती दाखवत नाही. चौथा रस्ता चुकीचा नाही, पण इजा झालेल्या सात उड्डाणांच्या जोरावर उड्डाणाउड्डाणांतला फरक किती हे मोजायला जाणं म्हणजे दोन बादल्या पाण्यात पोहायला शिकणं. गट थोडे असतील तेव्हा प्रत्येक गटाची टक्केवारी काढून त्यावर साधी टी-टेस्ट करणं हा पळपुटेपणा नाही, उलट तेच प्रामाणिक काम. हे रिपोर्टमध्ये दिसायला गरीब दिसतं, म्हणून कोणी करत नाही, एवढंच.

उत्तर कोणासाठी?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. हा जास्त अवघड आहे. इथे दोन मॉडेल दोन वेगळे आकडे देतात आणि दोन्ही बरोबर असतात!

समजा दोन कॉलेजं आहेत, विद्यार्थी सारखेच. पहिल्या कॉलेजात जादा तास न घेता २० टक्के पास होतात, जादा तास घेऊन ५० टक्के. दुसऱ्यात न घेता ५० टक्के, घेऊन ८० टक्के. ऑड्स म्हणजे 'हो'ची शक्यता भागिले 'नाही'ची शक्यता. पहिल्या कॉलेजात ऑड्स ०.२५ वरून १ वर गेले, म्हणजे चौपट. दुसऱ्यात १ वरून ४ वर, तेही चौपट. आता दोन्ही कॉलेजं एकत्र करा. न घेता ३५ टक्के, घेऊन ६५ टक्के. ऑड्स ०.५४ वरून १.८६ वर. भागाकार करा, ३.४५ येतात. चौपट नाही!

गंमत म्हणजे यात कुणी काही लपवलेलं नाही. जादा तास दोन्ही कॉलेजांत सारखेच वाटले आहेत, टक्केवारीतला फरक सगळीकडे तीसच आहे. तरी प्रत्येक कॉलेजात ४ आणि एकत्र ३.४५. हा ऑड्सचा स्वभावच आहे. गटागटांत फरक जितका जास्त तितकं एकत्रित गुणोत्तर १ कडे ओढलं जातं.

मिक्स्ड मॉडेल तुम्हाला ४ च्या बाजूचं उत्तर देतं. ते म्हणतं, याच कॉलेजात, हाच विद्यार्थी, जादा तासाला बसला तर त्याचे ऑड्स किती पट होतील? दुसरं घराणं आहे जी.ई.ई.चं. कुंग-यी लियांग आणि स्कॉट झेगर यांनी ते १९८६ मध्ये मांडलं. ते ३.४५ देतं. ते म्हणतं, सगळ्या विद्यापीठात जादा तास सुरू केले तर एकूण निकालावर काय परिणाम होईल? विद्यार्थ्याला पहिला आकडा हवा, कुलगुरूंना दुसरा. एकाचा आकडा दुसऱ्याच्या हातात दिला की घोटाळा.

आता हेच गडचिरोलीत नेऊन बघा. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत प्रयोग, ४७ गावं तुलनेसाठी. गावातलीच एक स्त्री 'आरोग्यदूत' म्हणून शिकवून तयार केली जाई. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आले. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत हजारी नवजात मृत्यू २५.५ वर आले होते, तुलनेच्या गावांच्या मानाने निव्वळ घट ६२.२ टक्के. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने घरपोच नवजात सेवा 'आशा' ताईंमार्फत देशभर नेली.

इथे 'बाळ जगलं की नाही' हा हो-नाहीचा प्रश्न, आणि गाव हा गट. प्रयोग बाळागणिक दिलेला नाही, गावागणिक दिलेला आहे. एका गावातली सगळी बाळं एकाच आरोग्यदूताच्या हातात. म्हणून पातेली ८६, बाळं हजारोंनी असली तरी. सरकारला विचारायचं असतं, ही योजना सगळीकडे नेली तर हजार बाळांमागे किती वाचतील? त्यासाठी जनतेच्या सरासरीचं, म्हणजे जी.ई.ई.च्या घराण्यातलं उत्तर हवं, आणि ८६ गावं त्याला पुरेशी आहेत. पण गावोगाव फिरणाऱ्या सुपरवायझरला विचारायचं असतं, कुठलं गाव मागे पडतंय, तिथल्या आरोग्यदूताला आणखी मदत हवी का? त्यासाठी गावागावाचा वेगळा अंदाज देणारं मिक्स्ड मॉडेल हवं. डेटा तोच, प्रश्न दोन, मॉडेलं दोन. यातलं 'श्रेष्ठ' कुठलं, हा प्रश्नच मुळात चुकीचा.

प्रत्येकाचं दुखणं वेगळं

'मग मिक्स्ड मॉडेलच लावू या ना, त्यात सगळंच येतं,' असं म्हणणारे मित्र प्रत्येक बॅचला असतात. त्यांच्यासाठी थोडं कडू औषध.

मिक्स्ड मॉडेल असं गृहीत धरतं की गटांचे स्वभाव आणि तुम्ही तपासत असलेली गोष्ट यांचा संबंध नाही. मुळातच चांगल्या कॉलेजांत जादा तासही जास्त होत असतील तर कॉलेजचा चांगुलपणा जादा तासांच्या खात्यात जमा होतो. तिथे गटाच्या आतल्या आत तुलना करणारं कंडिशनल लॉजिस्टिक बरं. पण ते सगळे 'हो' किंवा सगळे 'नाही' असलेले गट टाकून देतं, हे आपण वर बघितलंच.

जी.ई.ई.ला गट भरपूर लागतात. चाळीस-पन्नासच्या खाली गेलं की त्याची स्टँडर्ड एरर खरीपेक्षा कमी दिसायला लागते आणि नसलेला परिणाम 'सिद्ध' होतो. त्यावर दुरुस्त्या आहेत, पण त्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

प्रत्येक गटाला डमी व्हेरिएबल देऊन साधं लॉजिस्टिक चालवणारेही असतात. गट मोठे असतील तर चालून जातं. पण प्रत्येक गटात दोनच नोंदी असतील, उदाहरणार्थ एका माणसाचे दोन डोळे, तर खरं गुणोत्तर ४ असताना उत्तर १६ च्या आसपास येतं. चक्क वर्ग होतो! यात सॉफ्टवेअर एकही एरर मेसेज देत नाही.

आणि चूक नेहमी एकाच दिशेला होते असंही नाही. उपचार गावागणिक दिला असेल आणि तुम्ही गाव विसरलात, तर तुम्ही फाजील आत्मविश्वासाने बोलता. उलट प्रत्येक गावात निम्म्यांना उपचार आणि निम्म्यांना नाही असं असेल, तर गाव विसरल्याने बहुतेक वेळा खरा परिणामही झाकला जातो. म्हणून 'गट आहेत ना, मग पी-व्हॅल्यू थोडी वाढवून सांगू' असा गोळाबेरीज उपाय इथे चालत नाही.

मशीन लर्निंगवाल्यांनो, तुम्हीसुद्धा!

'आम्ही कुठे पी-व्हॅल्यू काढतो? आम्ही ॲक्युरसी देतो!' असं म्हणून सुटका नाही. हाच रोग तिथे दुसऱ्या वेषात येतो.

अमेरिकेच्या एन.आय.एच.ने २०१७ मध्ये छातीच्या एक्स-रेचा मोठा संच खुला केला. त्यात १,१२,१२० एक्स-रे आहेत, पण पेशंट ३०,८०५. म्हणजे एका पेशंटचे सरासरी साडेतीनपेक्षा जास्त एक्स-रे. आता तुम्ही सगळे एक्स-रे पत्त्यांसारखे पिसले आणि ८० टक्के ट्रेनिंगला, २० टक्के टेस्टला टाकले, तर काय होईल? एकाच माणसाची छाती दोन्हीकडे. नेटवर्क न्यूमोनिया ओळखायला शिकलं की माणूस ओळखायला शिकलं, कोणी सांगावं? परीक्षेत तेच प्रश्न आले की मार्क भरघोस पडतातच. पण दवाखान्यात रोज नवा माणूस येतो, तिथे ते मार्क उपयोगाचे नाहीत.

इलाज फुकट आहे. पिसायचं ते पेशंटना, एक्स-रेंना नाही. एक पेशंट पूर्णच्या पूर्ण एका बाजूला. सायकिट-लर्नमध्ये त्यासाठी ग्रुप के-फोल्ड तयार आहे, एका ओळीचं काम. ॲक्युरसी ९८ वरून कदाचित बरीच खाली येईल. येऊ द्या! तो खरा आकडा आहे. तुमचं मॉडेल उद्या खरंच एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात बसवलं, तर 'न्यूमोनिया नाही' असं सांगून घरी पाठवलेलं मूल कोणाच्या तरी घरचं असणार आहे.

'एवढं कशाला?' याचं उत्तर

काही जण म्हणतील, बी.ई.च्या प्रोजेक्टला एवढी चिरफाड कशाला? एक्स्टर्नल तर पीपीटीचा रंग बघून जातात! आणि चॅलेंजरच्या बाबतीत दोन्ही मॉडेलांनी सारखंच उत्तर दिलं, मग फरक काय पडला?

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. बरेचदा दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात. पण ते जातात हे दोन्ही रस्ते चालून बघितल्यावरच कळतं. दलाल आणि मंडळींनी दोन्ही चालून बघितले, म्हणून त्यांच्या १३ टक्क्यांवर विश्वास बसतो.

पहिल्या आक्षेपाला मात्र माझं उत्तर सरळ आहे. प्रोजेक्ट ही जर फक्त बाइंडिंग करून कपाटात ठेवायची वस्तू असेल तर खुशाल काहीही लिहा. पण दोन वर्षांनी आपणच कुठल्यातरी कारखान्यात 'ही बॅच पास करायची की नाही' यावर सही करणार आहोत. एका लॉटमधले पाचशे पीस तपासले म्हणून पाच लॉट पास करायची सवय इथेच लागते, आणि इथेच मोडता येते.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. सॉफ्टवेअर बदलू नका, सिलॅबस बदलण्याची वाट बघू नका. ज्या प्रोजेक्टमध्ये हो-नाहीचा डेटा आहे, त्याच्या रिपोर्टमध्ये 'मेथडॉलॉजी'च्या पहिल्याच पानावर तीन ओळी सक्तीच्या करा. एकूण नोंदी किती आणि गट किती. ज्या गोष्टीचा परिणाम बघतोय ती गटाच्या आत बदलते की गटागणिक. उत्तर एका गटासाठी आहे की सगळ्यांसाठी. त्याखाली मॉडेलचं नाव आणि ते का, एका वाक्यात. गाईड सरांना आणि मॅडमना विनंती, की पहिल्या रिव्ह्यूलाच या तीन ओळी मागाव्यात, म्हणजे डेटा गोळा करण्याआधीच पोरं जागी होतील. नंतर जागं होऊन पातेली वाढवता येत नाहीत.

आणि ज्युनिअर मित्रांनो, पुढच्या प्रेझेंटेशनला सीनिअरने '१००० सॅम्पल घेतले' असं ऐटीत सांगितलं, की मागच्या बाकावरून हात वर करा आणि नम्रपणे एवढंच विचारा, 'दादा, गट किती होते?'